यात काहीच घडत नाही

माझ्या बायकोचा खून करणाऱ्या माणसासाठी आमच्या शेजारच्या चौगुलेवहिनी ढसाढसा रडल्या. नुसत्या रडल्या असत्या तर माझी काही तक्रार नव्हती. वहिनींचे डोळे मूळचेच ओले, त्या दुसऱ्याच्या लग्नात अक्षता टाकतानाही पदर डोळ्यांना लावतात. पण रडून झाल्यावर त्या थेट माझ्या दारात आल्या. कपाळावर पट्टीचा लाल वळ अजून तसाच होता.

“भावजी, रागावू नका,” त्या म्हणाल्या, “पण त्या पोराचं लई हाल झाल्यात वो. दोन-दोन दिवस पोटात कण नाही. बापानं उलथन्यानं डागलेलं. मला अजून हितं आग पडल्यागत होतंय.” त्यांनी पोट दाबून धरलं. “द्या की सोडून. तुमच्या एकट्याच्या शब्दावर अडलंय म्हणत्यात.”

‘ते पोर’ म्हणजे सदाशिव. वय आता पन्नाशीच्या पुढे. पाण्याच्या फिल्टरची मशीनं दुरुस्त करायला तो घरोघर जायचा आणि बाई एकटी आहे असं बघून तिचा गळा आवळायचा. सांगलीपासून विट्यापर्यंत पाच बायका. त्यातली तिसरी माझी वृषाली. इथंच, तासगावात, याच घराच्या स्वयंपाकघरात.

“वहिनी,” मी विचारलं, “वृषालीचा चेहरा आठवतो का तुम्हाला?”

“न आठवायला काय झालं? भिंतीला भिंत होती की.” मग त्या अडखळल्या. जरा वेळानं खालच्या आवाजात म्हणाल्या, “खरं सांगू का, आता ती शिरेलीतली नटीच येती डोळ्यांपुढं.”

मी दार लावून घेतलं. आपटलं नाही, शेजारधर्म असतो.

ही पट्टी काय भानगड आहे ते सांगतो. मी शीतगृहात बेदाण्याच्या पेट्यांवर देखरेख करणारा माणूस, तेव्हा मला कळलं तेवढंच सांगणार. पट्टी मुळात निघाली ती दवाखान्यासाठी. झटका येऊन वाचा गेलेल्या माणसाला कुठं आणि कसं दुखतंय हे डॉक्टरला कळावं म्हणून. माणूस एखादी गोष्ट मनापासून आठवतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे नुसतं चित्र येत नाही. छाती धडधडते, पोटात कालवतं, घशात आवंढा येतो. त्या वेळी मेंदूच्या आतल्या भागात विजेच्या बारीक लहरींची एक नक्षी उमटते. यंत्र ती टिपून घेतं. त्याला म्हणतात ठसा. मग दुसऱ्या कुणाच्या कपाळाला पट्टी बांधायची आणि कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी त्याच्या मेंदूतल्या त्याच जागा त्याच क्रमानं चाळवायच्या. त्याला चित्र दिसत नाही, विचार ऐकू येत नाहीत. फक्त जाणवतं. एकाची भूक दुसऱ्याच्या पोटात पेटते. चित्रं पुरवायला मग मालिकावाले आहेतच, नट आणि नट्या घेऊन.

यात दोन अटी आहेत. पहिली म्हणजे ठसा आठवणीचा निघतो, घडलेल्या गोष्टीचा नाही. आणि आठवण ही बेदाण्यासारखी असते. बघायला म्हणून पेटीतून काढायचा, परत टाकायचा. दर वेळी हाताचा थोडा ओलावा घेऊन तो आत जातो. पुष्कळदा हाताळलेला बेदाणा मूळ बेदाणा राहत नाही.

दुसरी अट अगदी साधी आहे. ज्याचा ठसा घ्यायचा तो जिवंत लागतो.

सगळा घोळ या दुसऱ्या अटीत आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पाचही बायकांचे ठसे निघू शकत नव्हते. सदाशिव मात्र तुरुंगात धडधाकट, दोन्ही वेळ जेवून, आठवत बसायला मोकळा होता. त्याच्या ठशावर ‘उपाशी’ नावाची मालिका निघाली. पहिल्या आठवड्यात लोक म्हणाले, खुन्याच्या डोक्यात कशाला शिरायचं? दुसऱ्या आठवड्यात शिरले. तिसऱ्या आठवड्यापासून तो ‘सदू’ झाला. आपला सदू. कळंब्याच्या तुरुंगाच्या फाटकापाशी लोक फडक्यात बांधून भाकरी ठेवून जायला लागले.

त्यात शिक्षामाफीचा अर्ज आला. मरेपर्यंत तुरुंग ही शिक्षा कमी करायची की नाही हे ठरवणारं मंडळ मेलेल्यांच्या घरच्यांना विचारतं. बाकीच्या चारही घरांनी पट्टी बांधली, रडले आणि हो म्हणाले. राहिलो मी. मी पट्टी बांधायलाच तयार नव्हतो.

वीस वर्षं या गावानं माझी कीव केली होती. ती एका पावसाळ्यात संपली. शीतगृहातली पोरं मी आलो की गप्प व्हायची. न्हावी दाढी करताना म्हणाला, “मगदूमसाहेब, माणसानं एवढं दगड असू नये,” आणि वस्तरा माझ्याच गळ्यावर होता, त्यामुळे मी वाद घातला नाही. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पर्युषणाच्या दिवसांत उत्तम क्षमेवर प्रवचन झालं. त्यानंतर एका म्हाताऱ्या काकांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, “जयकुमार, आपल्या घरात पाण्यातल्या किड्याचासुद्धा जीव जपतात. तुला माणसाची दया येत नाही?”

मी म्हटलं, “काका, क्षमा मागणाऱ्याला द्यायची असते. त्यानं माझ्याकडं कुठं मागितलीय? त्यानं ती प्रेक्षकांकडं मागितली, त्यांनी दिली. माझा संबंधच काय?”

हसलं कुणीच नाही. त्यानंतर मी बस्तीत एकटाच एका कोपऱ्यात बसायला लागलो.

हे सगळं मी सोसलं असतं. पण रविवारी पुण्याहून चंदना आली आणि तिच्या पिशवीत पट्टी होती.

चंदना माझी मुलगी. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि त्या दुपारी तिच्या आजीकडे होती. आता ती लहान मुलांना व्यायामोपचार देते. माझ्यासारखीच हट्टी आहे, फक्त बोलते गोड.

“पप्पा, एकदा बांधा. त्याच्यासाठी नको. मम्मीसाठी बांधा.”

“त्यात मम्मी कुठं आली?”

“आहे. सहाव्या भागात. मी कितीदा तरी बघितलाय.” तिनं माझा हात धरला. “तुम्ही सांगितलेलं सगळं मला पाठ आहे. डाव्या गालावर तीळ, चिडली की कन्नडमधून बोलायची, मशीनचं पाणीसुद्धा गाळून घ्यायची. पण ते नुसतं पाठ आहे, पप्पा. मला तिच्याबद्दल आठवत काहीच नाही. हे मला जाणवतं. ती त्याला जेवायला वाढते ना, तेव्हा इतकं उबदार वाटतं... आई अशीच असणार.”

वीस वर्षं मी त्या पोरीला तिची आई सांगत होतो. जेवताना, शाळेत सोडताना, तापात तिच्या उशाशी बसून. आणि ती आई शोधायला गेली ती कुठं, तर ज्यानं मारली त्याच्या डोक्यात.

मी पट्टी बांधली.

खोटं कशाला बोलू, मीही रडलो. भूक खरी होती. आतडी पिळणारी, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी, पोरसवदा भूक. बापाच्या पावलांची भीती खरी होती. त्या पोराला मी त्या क्षणी उचलून घरी आणलं असतं. चौगुलेवहिनी उगाच रडल्या नव्हत्या, एवढं मला कबूल करावं लागलं.

मग सहावा भाग आला. पडद्यावर आमचं घर म्हणून दुसरंच कुठलंतरी घर. दिवेलागण झालेली. गालावर रंगवलेला तीळ घेऊन एक नटी स्वयंपाकघरातून ताट घेऊन येते. “जेवून जा दादा, उपाशी दिसताय,” म्हणते. आणि माझ्या छातीत ऊब पसरली, चंदना म्हणाली होती तशीच. नंतर नटी म्हणते, “जेवण झालं की ताट धुऊन ठेवा.” ऊब विझली, जुन्या चटक्यांची आग उसळली आणि पुढचं झालं. त्यातही मला वाईट वाटलं ते सदाशिवाचंच. तडफडणाऱ्या बाईसाठी त्या ठशात काही नव्हतं. त्या जागी नुसती शांतता होती.

मी पट्टी काढून ठेवली.

“चंदना, आपल्या घरात दिवस मावळल्यावर कधी कुणी जेवलंय?”

“नाही. पण पाहुण्याला...”

“पाहुण्यालाही नाही. तुझी आजी मुंबईहून दमून आली तेव्हासुद्धा वृषालीनं तिला दूध देऊन झोपवलं, ताट वाढलं नाही. दिवेलागणीला या घरात चूल थंड असायची. आणि तिला त्यानं मारलं ते भर दुपारी. मी दिवसाउजेडी जेवायला म्हणून घरी आलो तेव्हा...” मी पट्टी तिच्याकडे सरकवली. “कोर्टात त्यानं स्वतः सांगितलं होतं. ‘पाणी मागितलं. बाई पाणी गाळायला पाठमोरी झाली. तेव्हा धरली.’ ताट नव्हतं, जेवण नव्हतं, धुऊन ठेवा नव्हतं. फक्त पाणी होतं.”

“म्हणजे तो खोटं बोलतोय? ठशात खोटं बोलता येत नाही, पप्पा.”

“तो खोटं बोलत नाही, तेच तर. वीस वर्षं स्वतःला सांगून सांगून त्याला आता तसंच आठवतं. पट्टीनं ते इमानदारीनं तुझ्यापर्यंत पोचवलं, एवढंच.”

“पण मला ती जाणवली,” चंदना म्हणाली.

“तुला ती नाही जाणवली, बाळ. त्याची भूक जाणवली. त्याला ताटाची ऊब वाटली, ताट धरणारीची नाही. त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही.”

तिनं पट्टी पिशवीत टाकली आणि उभी राहिली. “तुम्हाला ती फक्त तुमचीच ठेवायचीय,” ती म्हणाली. “मला जी थोडी मिळाली होती, तीपण काढून घेतलीत.” संध्याकाळच्या गाडीचं तिचं तिकीट होतं, ती दुपारच्याच गाडीनं गेली.

मालिकावाल्यांना मी ताटाची चूक कळवली. त्यांच्याकडून फार नम्र उत्तर आलं. आम्ही सदाशिवजींच्या भावनेशी प्रामाणिक आहोत, असं. भावनेशी प्रामाणिक! आमच्या बेदाण्याच्या सौद्यात असं कुणी म्हटलं असतं तर त्याला पुन्हा आवारात पाऊल ठेवू दिलं नसतं.

घरच्यांना हवं तर त्यांचाही ठसा देता येतो, असं मंडळानं कळवलं होतं. मी सांगलीला गेलो. यंत्रावरची मुलगी चांगली होती. म्हणाली, “काका, तो दिवस आठवा. घरात शिरलात तो क्षण. लोकांना तोच भिडतो.”

“तो नको,” मी म्हटलं. “कालची संध्याकाळ आठवतो.”

“काल काय झालं?”

“काही नाही.”

ज्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण होतं, त्या घरातली संध्याकाळ किती लांब असते हे इतरांना कळायचं नाही. लोक कामावरून येतात, चहा घेतात, मग भाजी चिरायची, कुकर लावायचा, जेवायचं, त्यात रात्र होते. आमचं सगळं उजेडातच उरकलेलं. पुढे झोपेपर्यंत करायला काही नाही. वृषाली होती तेव्हा आम्ही पायरीवर बसायचो. ती बोलायची, मी हो म्हणायचो. आता मी एकटा बसतो. समोरच्या घरात दिवे लागतात, फोडणीचा वास येतो, कुणीतरी कुणालातरी हाक मारतं. नगरपालिकेचं पाणी येतं. मी उठून ते गाळतो, परत येऊन बसतो. बस्स. त्या मुलीनं मला ती अख्खी संध्याकाळ आठवू दिली. जेवणापासून अंथरुणापर्यंत. ठसा काढून झाल्यावर ती माझ्याकडे न बघता तारा गुंडाळत राहिली.

मंडळाच्या नियमाप्रमाणे तो ठसा लोकांसाठी खुला झाला. बघायला लोक आले, कारण दगड आतून कसा असतो याची उत्सुकता होती. आणि भराभर निघून गेले. कुणी लिहिलं, कंटाळवाणा. कुणी लिहिलं, पट्टी बिघडलीय वाटतं. शेवटपर्यंत एकही जण टिकला नाही.

सुनावणी कोल्हापूरला होती. तीन जणांचं मंडळ, मध्ये अध्यक्ष म्हणून नाईकबाई, निवृत्त न्यायाधीश. सदाशिव पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत होता. अंग भरलेलं, चेहरा सौम्य, एखाद्या पोस्टमास्तरसारखा. मागच्या रांगेत चंदना बसली होती. ती येणार आहे हे तिनं मला कळवलं नव्हतं आणि ती माझ्याशेजारी येऊन बसली नाही.

“मगदूम, तुमचं काय म्हणणं आहे?” नाईकबाईंनी विचारलं.

“मला नीट बोलता येत नाही, बाई,” मी म्हणालो. “सगळ्या महाराष्ट्रानं यांना जाणून घेतलं. मीही घेतलं. यांची भूक खरी आहे, मी नाही म्हणत नाही. आता यांनी एकदा माझा ठसा बांधावा. पुरा. मग मंडळ म्हणेल ते मला मान्य.”

सदाशिवानं आनंदानं मान हलवली. पट्टी त्याला सवयीची होती. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून तो बसला. आधी त्याचा चेहरा गंभीर होता, रडायला तयार असल्यासारखा. मग त्यानं जागा बदलली. मान खाजवली. एक डोळा उघडून खिडकीकडे बघितलं. जांभई आली ती त्यानं हातानं झाकली. नाईकबाईंच्या पुढ्यातला चहा गार व्हायच्या आत त्यानं पट्टी काढली आणि नीट घडी घालून टेबलावर ठेवली.

“मॅडम,” तो अदबीनं म्हणाला, “यात काहीच घडत नाही. माणूस नुसता बसलाय.”

नाईकबाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला. त्याला आपलं काय चुकलं हे कळेना. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. त्याच्याकडे बघून लोकांचे डोळे भरून यायची त्याला सवय झाली होती. “पुढं काही आहे का?” त्यानं विचारलं.

“ते तुम्ही बघायला हवं होतं,” नाईकबाई म्हणाल्या.

मी मागे वळून बघितलं. चंदना त्याच्याकडे टक लावून बघत होती. इतके महिने ती त्याच्या आतून जगाकडे बघत होती. आज पहिल्यांदा ती त्याला बाहेरून बघत होती.

एक विरुद्ध दोन मतांनी अर्ज नामंजूर झाला. मला आनंद झाला नाही. हलकंही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात कुणीतरी वाळकी भाकरी टाकून गेलं. चौगुलेवहिनींनी बोलणं टाकलं. न्हाव्याकडे जायचं मीच सोडलं, घरी दाढी करायला लागलो. गावाच्या हिशेबी आता खुनी मीच होतो.

मग एका शनिवारी दुपारी चंदना आली. माझ्याशी काही बोलली नाही. पायरीवर बसली, पिशवीतून पट्टी काढली आणि बांधली. “तुमचा,” एवढंच म्हणाली.

मी आत-बाहेर करत राहिलो. ती मध्येच उठेल असं मला दर वेळी वाटायचं. ती उठली नाही. ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं, अंगणातून कुंपणावर गेलं. तिनं जांभई दिली नाही, बैठक बदलली नाही. दिवस कलायला लागला तेव्हा तिनं पट्टी सोडली. डोळे कोरडे होते. चेहरा मात्र वीस वर्षांनी मोठा झाल्यासारखा दिसत होता.

आम्ही उजेडातच जेवलो. भाकरी, मुगाची आमटी, दही. तिनं ताटं घासली. मग दोघंही पायरीवर येऊन बसलो. समोरच्या घरात दिवे लागले.

“पप्पा, रोज असंच असतं?”

“रोज.”

तिनं गुडघे जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, “मध्ये एका ठिकाणी एकदम बरं वाटलं. अगदी थोडा वेळ. आत स्वयंपाकघरात कुणीतरी असल्यासारखं. आता हाक मारली तर ओ देईल, असं. मग गेलं ते. परत आलंच नाही. ते काय होतं?”

मला आधी कळेचना ती कशाबद्दल बोलतेय. मग कळलं.

“नळाला पाणी आलं तेव्हा,” मी म्हणालो. “तुझी आई त्याच वेळेला पाणी गाळायची. घागरीच्या तोंडाला कापड बांधून. धारेचा आवाज यायचा. मग ते कापड उलटं करून पाण्यात खळबळून घ्यायची, न दिसणारे जीव त्यात असतील म्हणून. आता पाणी मीच गाळतो. पण नळ वाजला की अजून क्षणभर वाटतं, ती आत आहे. मला सांगायचं सुचलं नाही. मला वाटायचं, ते काही सांगण्यासारखं नाही.”

“ती मम्मी होती?”

“ती मम्मी होती.”

चंदनानं तोंड दोन्ही हातांत झाकलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. दुसरं काय करायचं मला माहीत नव्हतं.

नळानं नेहमीसारखी आधी हवा सोडली, गुरगुरला आणि पाणी आलं. मी उठायला लागलो तर तिनं माझ्या खांद्यावर दाब दिला आणि स्वतः आत गेली. खुंटीवरचं कापड काढल्याचं मला ऐकू आलं. घागर सरकवल्याचं ऐकू आलं. मग कापडातून संथ धार पडायला लागली.

मी पायरीवरच बसून राहिलो. मुद्दामच मागे वळून बघितलं नाही.